सायबाची चाल

हंबीररावांनी कोठी पाडून मॅरेज गार्डन काढायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांना नीट समजावलं. एकदा नव्हे, तीनदा. चौथ्यांदा माझं डोकं फिरलं.

कोठी म्हणजे देवासबाहेर शेतातलं दोन खोल्यांचं कौलारू घर. संस्थानच्या काळी बँडसाठी स्लोव्हेनियाहून एक संगीतकार आणला होता, यांको साहेब. तो तिथे राहून चाली बांधायचा. माझे आजोबा त्याचे कारकून. साहेब गेला, संस्थान गेलं, त्याची एक चाल तेवढी राहिली. आमच्याकडच्या मराठ्यांच्या लग्नात नवरदेव दारात आला की बँड तीच वाजवतो, आणि ती वाजल्याशिवाय घरातली वडीलधारी बाई ओवाळायचं ताट उचलत नाही. सगळे समजतात, लढाईवरून परतणाऱ्या सरदारांची चाल आहे. समजोत बापडे.

"विद्युल्लताताई, भिंतींना ओल आलीय. पडकं जपून काय चाटायचंय?" हंबीरराव म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, आणि तडक कृष्णाजी बँडवाल्याकडे गेले. त्याचा पणजोबा त्याच कोठीच्या ओसरीवर क्लॅरिनेट शिकला होता. त्याला फार सांगावं लागलं नाही.

आठवड्याने हंबीररावांच्या लेकीचं, स्वप्नालीचं लग्न. धारहून वऱ्हाड आलं, नवरदेव घोडीवर. फिल्मी गाण्यांनी कान किटले, आणि दारापाशी बँड एकदम गप्प झाला.

हंबीररावांच्या आई, भवानीबाई, उंबऱ्यात उभ्या. ताट शेजारी चौरंगावर.

"आईसाहेब, उचला ना ताट," हंबीररावांनी विनवलं.

"चाल कुठाय?"

"अरे भिया, बजाओ ना!" हंबीरराव कृष्णाजीवर ओरडले.

कृष्णाजीनं नम्रपणे मान हलवली. "चाल कोठीची आहे, सरकार. कोठीच पडणार म्हणे. मग आम्ही कुठल्या तोंडानं वाजवू?"

व्याही घड्याळ बघायला लागले. घोडीनं तोरणाचं एक पान खाल्लं. हंबीररावांची नजर गर्दीत फिरून माझ्यावर थांबली. मी पदरानं वारा घेत होते, अगदी गरीब गाय.

"हंबीर," भवानीबाई म्हणाल्या, "ताटावर हात ठेव आणि बोल."

"नाही पाडत! ओल काढतो, कौलं बदलतो. आता तरी वाजवा रे!"

वाजली. भवानीबाईंनी ताट उचललं.

जेवणं झाल्यावर हंबीरराव कोठीची किल्ली घेऊन आले. "जिंकलात, ताई. आता तिथे पाटी लावू. चालीचा अर्थ काय लिहायचा? तुमच्या आजोबांची वही आहे म्हणे, पण ती मोडी लिपीत. आमच्या मुलाला, यशराजला, साधं मराठी वाचायचं तरी घाम फुटतो."

आजोबांनी त्या चालीखाली लिहिलंय, 'साहेबांचे गावी सायंकाळी गुरे घरी हाकताना म्हणतात.' शंभर वर्षं एकेक सरदार छाती काढून त्यावर दारात आला! मला हसू आवरेना. पण खरं सांगावं तर चाल बंद, आणि चाल बंद तर कोठीला विचारतो कोण?

"लिहा," म्हटलं, "'घरी या, उशीर झाला.'"

हंबीररावांनी मान वळवली. समोर स्वप्नाली गाडीत बसत होती.

"मग ही पाठवणीला वाजवायला हवी, ताई," ते म्हणाले. त्यांनी कृष्णाजीला हात केला.

कृष्णाजीनं वाजवली. या वेळी मला हसू आलं नाही.