मोटारीच्या खोलीतलं लांबलचक गाणं

आजवर मी दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज माझं ऐका. मी अॅम्प्लिफायर आहे. लहानाचं मोठं करून सांगणं हाच माझा जन्मधर्म, तेव्हा कुठं थोडं फुगलं तर ओरडू नका. राग मात्र फुगवलेला नाही. आहे तेवढाच सांगतोय, आणि तो पुष्कळ आहे.

जन्म हैदराबादचा. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी असा गरजलो, की दुकानापुढची कबुतरं उडाली ती थेट बीदरच्या किल्ल्यावर जाऊन बसली. अजून तिथंच आहेत, जाऊन विचारा. मला विकत आणलं मैलूरच्या धोंडप्पानं. त्याचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नाकार्यात मी गायचो कमी आणि "पांढरी गाडी कुणाची हाय, बाजूला घ्या" हेच ओरडायचो जास्त. पुढं घराएवढ्या पेट्या घेऊन डीजे आले. धोंडप्पानं मला माळ्यावर टाकलं आणि डोक्यावर कांद्याची पिशवी ठेवली. कांदे संपायचे, नवे यायचे. माझी चौकशी कुणी केली नाही.

तिथून मला उचललं धम्मानंदनं. अफजलपुरात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायची आणि उरल्या वेळात गिटार वाजवायची. त्यानं माझ्या पोटातली झुरळं काढली, तुटकं जोडलं, आणि मी पुन्हा बोलता झालो. त्याच दुकानात मंजुनाथ आला, जळकी मोटार घेऊन. घरचा ऊस सांभाळणारा गडी, पण मोटार होईस्तोवर रिकाम्या डब्यांवर असा काही वाजवत बसला, की धम्मानंदच्या हातातली तार तशीच राहिली. तिसरी विजयश्री. सरकारी दवाखान्यात नर्स. ड्यूटी सुटली की स्कूटीवर कीबोर्ड बांधून हजर.

हे तिघं प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतात. म्हणजे ज्यात मुखडा कुठं संपला हे वाजवणाऱ्यालाही विचारावं लागतं, आणि ठेका सात मात्रांचा, त्यामुळं ऐकणारा टाळी द्यायला जातो आणि त्याचे हात हवेतच राहतात. कुठल्या कंपनीचा करार नाही, कुणाची बिदागी नाही. घरचे एवढंच विचारतात, "हे संपतंय कवा?"

वाजवायला जागा मिळाली मंजुनाथच्या उसातली मोटारीची खोली. तिथं विजेची लाइन ठरल्या वेळेलाच येते. लाइन आली की मी जिवंत. पण मोटारही त्याच लाइनवर, आणि मोटार चालू झाली की मंजुनाथला दारं धरावी लागतात. म्हणजे उसाची एक सरी भरली की पाणी दुसरीत वळवायचं. गाणं ऐन रंगात आलं, की त्याची आई गुरुबाई बांधावरून हाक मारायची, "मंज्या! पाणी फुटलंय! ऊस वाळवून ढोल बडवायलास व्हय रे?" हा काठ्या टाकून पळायचा. गाणं जागच्या जागी मरायचं.

एकदा विजयश्री म्हणाली, "पण थांबायचं कामून? तू जा. आमी धरून ठेवतो. आलास की शिर."

मग धम्मानंदनं गिटार मोटारीच्या घुमण्याशी जुळवली. सरी भरायची वेळ आली की मंजुनाथ उठायचा, फावडं घेऊन जायचा. मागं ही दोघं एकेक सूर सोडत राहायची, खाली मोटार घूं करत असायची, लांबून पाण्याची खळखळ यायची. मग चिखलाचे पाय घेऊन तो परत यायचा आणि ठेक्यावर असा कोसळायचा, की भीमेतल्या मगरी घाबरून सोलापूर जिल्ह्यात निघून जायच्या! गाणं पाव तासाच्या वर गेलं. मधला तुकडा कुणी रचला नव्हता, पाण्यानं रचला होता. साऱ्या आयुष्यात त्याच्याइतकं खरं काही मी मोठं करून सांगितलेलं नाही.

आणि मग तो व्यंकट आला. हैदराबादचा, गाणी विकणारा. फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकून म्हणाला, "शुरू का जबरदस्त, आखिर का भी जबरदस्त. बीच का निकाल डालो, बाबा. उसमें कुछ होताच नई." कलबुर्गीच्या कार्यक्रमात छोटं करून वाजवा, मग आपण रेकॉर्ड काढू.

कुछ होताच नई! माझा ट्रान्सफॉर्मर तापला. वाटलं, धम्मानंद त्याला आता स्पॅनर फेकून मारतो. पण धम्मानंद म्हणाला, "व्हय."

"अक्का, पस्तिशी आली," तो विजयश्रीला समजावत होता. "अजून किती वर्सं उसालाच ऐकवायचं?" ती कीबोर्डची वायर गुंडाळत राहिली. मंजुनाथनं मान हलवली, "तुमी म्हणता तसं."

कलबुर्गीला मला टेम्पोतून नेलं. संध्याकाळ होती, मंडप भरलेला. सुरुवात झकास झाली. कापलेल्या जागेपाशी आलो, धम्मानंद पुढच्या भागावर उडी घेणार, तेवढ्यात मंजुनाथनं काठ्या खाली ठेवल्या. उठला. स्टेजवरून उतरला आणि सरळ चालू लागला. ना ऊस, ना पाणी! पाय निघाले, तो त्यांच्या मागून गेला.

"लघवीला चाललाय बे!" कुणीतरी ओरडलं. मंडप खदखदून हसला. धम्मानंदचे हात तारांवर थिजले. विजयश्रीनं मात्र डोळे मिटून सूर धरला. तिथं मोटार नव्हती, म्हणून मोटारीचं घुमणंही मीच घुमलो. आणि हसणं हळूहळू विरत होतं. शपथेवर सांगतो, विरत होतं. तेवढ्यात व्यंकट धावत आला आणि माझी वायर उपटली. भर बोलण्यात माझा गळा दाबला हो!

मंडपाच्या टोकापासून मंजुनाथ वळला. आला, बसला, आणि त्या मुक्या स्टेजवर एकटाच कोसळला. बरोबर मात्रेवर.

खाली उतरल्यावर धम्मानंद फणफणला, "घालवलास सगळं! इथं कुठलं पाणी फुटलं व्हतं रे?"

"गाणं तू तोडलास," मंजुनाथ म्हणाला. "ते माझ्या पायांना कोण सांगितलं?"

त्यानंतर वाजवायला कुणी आलं नाही. मी मोटारीच्या खोलीत, डोक्यावर युरियाची पिशवी. आधी कांदे, आता युरिया. व्यंकटवर माझा राग नाही, त्याचा तो धंदाच. राग धम्मानंदवर. ज्यानं माझा आवाज जोडला, त्यानंच गाण्याचं पोट कापायला होकार दिला. लाइन आली की गुरुबाई दारातून डोकावायची, "आज बी न्हाई आली का ती दोगं?" आणि पाणी फुटलं तरी हाक न मारता स्वतःच फावडं उचलायची.

शेवटी मी मोटारीला रोज टोचायला लागलो. "बाई, तू जळल्याबिगर तो यायचा नाही." ऐकलं तिनं. परवा जळली. खोटं वाटत असेल तर वास घ्या, अजून खोलीत आहे. अफजलपुरात वाइंडिंगची दुकानं पुष्कळ, पण मंजुनाथ तिला गाडीवर घालून त्याच दुकानात घेऊन गेला.

आज धम्मानंद ती बसवायला आलाय.

"पाना दे."

"घे."

बस्स, एवढंच बोलणं. मग लाइन आली. मोटार घुमली, त्याच सुरात. धम्मानंदची बोटं मांडीवर हलली, मी बघितली. आणि कित्येक महिन्यांनी बांधावरून गुरुबाईची हाक आली, "मंज्या! पाणी फुटलंय!"

मंजुनाथनं फावडं उचललं. मागं न बघता दारातून म्हणाला, "धरून ठेव," आणि गेला.

आता खोलीत आम्ही दोघंच. त्यानं युरियाची पिशवी बाजूला केलीय. माझी वायर हातात घेऊन नुसता उभा आहे.

लाव, लेका. बघत काय उभारलायस! माझा राग गेलेला नाही. पहिला सूर मी मुद्दाम खरखरीत काढणार आहे, आणि तो तुला ऐकावाच लागेल. पण लाव. तिकडं सरी भरत आली असेल.