बिशपचं पत्र

"मावशी, हे पत्र तुम्हीच वाचा," म्हणत फादरांनी रविवारी चर्चमध्ये साऱ्यांसमोर लिफाफा फुलवंताबाईपुढे धरला.

शुक्रवारी नवापूरहून फादरांचा फोन आला, तेव्हापासून बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायकांनाही आता धर्मशिक्षक म्हणून रीतसर नेमणार, बिशप स्वतः गळ्यात क्रूस घालणार, असं ते म्हणाले होते. "तुमचंच नाव देतोय." त्या दोन दिवसांत तिने भाकरी करपवल्या, कोंबड्यांना दोनदा दाणे टाकले. फादर यायचे महिन्यातून एकदा. बाकीच्या रविवारची प्रार्थना एकोणीस वर्षं तिनेच चालवली होती. त्या क्रूसाची तिला हाव सुटली होती आणि हाव सुटली म्हणून लाजही वाटत होती.

पण फुलवंताबाईला वाचता येत नव्हतं. साऱ्या गावाला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तीन महिन्यांपूर्वी आलेल्या या फादरांना. शनिवारी आधी मुलगा आणि मग नात गायत्री दुसऱ्या दिवसाचं बायबलमधलं वाचन दोनदा वाचून दाखवायची. रविवारी बाई पुस्तक उघडं धरून तेच गावाच्या बोलीत सांगायची, पानंसुद्धा वेळेवर उलटायची. एकदा पुस्तकच उलटं धरलं, तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या भुरीबाईने खोकून खोकून ते सुलटं करवलं होतं. गावाने गुपित जपलं, कारण तिच्यासारखं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. गायत्री जूनमध्ये नर्सिंगला सुरतेला गेली, तेव्हापासून फोनवर वाचायची. पण बंद लिफाफ्यातलं सुरतेहून कोण वाचणार?

"तिना चष्मा घरी ऱ्हायना, फादर!" भुरीबाई धावून आली.

"मग माझा घ्या की." फादरांनी स्वतःचा चष्मा काढून दिला.

भला माणूस! फुलवंताबाईने तो डोळ्यांना लावला, पत्र उलगडलं, थोडा वेळ पाहिलं आणि चष्मा काढून परत केला.

"चष्म्याचं नही, फादर. माले वाचताच येत नही."

फादरांचे कान लाल झाले. "मग इतकी वर्षं?"

"ऐकस, आन सांगस."

शेवटी बारावी झालेली, लग्न होऊन गावात नवीन आलेली चेतना उठली. तिने पत्र घडघड वाचलं, एकही शब्द न चुकता. ते छापील मराठी कौलांना लागून तसंच परतलं. वाचन संपलं तरी कोणाच्याच काही ध्यानात आलं नाही.

"वाचं ते बरं व्हयनं," भुरीबाई म्हणाली. "आते तू सांग बाई, काय लिखेल शे?"

फुलवंताबाईने फादरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. ती उभी राहिली.

"बिशप सांगतस, बाया झाडू मारतस, मेणबत्ती लावतस, पोऱ्यासले प्रार्थना शिकाडतस. हाई काम बी देवनंच शे. आते त्या कामले नाव भेटी."

बायकांमध्ये चुळबुळ झाली. कोणी हसलं, कोणी डोळ्यांना पदर लावला. इथवर सगळं गोड होतं. पुढची ओळ तिने गिळली असती तर गावाला पत्ता लागला नसता. आणि ती गिळावी असं तिला वाटलंही. पण जे ऐकलं ते सगळं सांगायचं, ही तिची एकोणीस वर्षांची सवय होती.

"पन जिले वाचता-लिखता येस, तिनंच नाव लागी."

"मंग तुन्हं?" भुरीबाईने विचारलं.

"मन्हं नही. फादर, चेतनानं लिखा."

चेतना घाबरलीच. "काकी, माले तुन्हामायक सांगता नही येत."

"येई. तू वाच. मी शे ना बाजूले."

फादर नेमणुकीचा फॉर्म भरू लागले. "मावशी, तुमच्याबद्दल मी बिशपांना वेगळं लिहीन," असं ते दोनदा म्हणाले. मनापासूनच म्हणाले, पण फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. जागा होती ती खाली, साक्षीदाराच्या सहीची. पेन हातात धरून ते तसेच अवघडून बसले.

फुलवंताबाईनेच मग त्यांच्या बॅगेजवळचं शिक्क्याचं पॅड पुढे ओढलं. चेतनाच्या नावाखाली अंगठा नीट दाबून उठवला, जराही न पसरू देता. अंगठ्याची उरलेली निळी शाई तिने पिकल्या केसांना पुसली आणि पदर डोक्यावर घेतला.