ओट्याखालचे ट्युलिप

पुण्याच्या डॉक्टरांनी विनोदला घरी न्यायला सांगितलं. "खावंसं वाटेल ते द्या," असंही वर म्हणाले. त्याचा अर्थ न कळण्याइतकी चांगुणा भोळी नव्हती. पण पोटच्या पोराच्या बाबतीत कळलं तरी वळत नाही.

विनोद केंदूरकडच्या एका पॉलिहाऊसवर सुपरवायझर होता. मालकानं हौसेनं मागवलेल्या ट्युलिपच्या कंदांतले उरलेले त्यानं दिवाळीआधी केडगावला घरी आणले होते. दिसायला थेट कांदे. "पांढरी फुलं येत्यात, आई. पर आधी त्यास्नी थंडी द्यावी लागती. फ्रीजमधी ठेव, जानेवारीत लावू," तो म्हणाला होता. महिन्याभरात त्यानं अंथरूण धरलं.

चांगुणानं मनाशी ठरवून टाकलं, फुलं आली की पोरगं उठणार. नवस बोलणं त्यांच्या घरानं कधीच सोडलं होतं. सासऱ्यानं दीक्षा घेतली त्याच वर्षी देव्हारा विहिरीत नेऊन टाकला होता. पण पहिलं फूल बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवीन, असं ती रोज मनात म्हणायची. हा नवस नव्हे तर काय! नाव बदललं म्हणून आईचं मन थोडंच बदलतं?

मग माणसं यायला लागली. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, हे आपल्याकडं आईच्या दुधाबरोबरच पाजतात. यवतची मावशी, दौंडचे रेल्वेतले पाहुणे, शेजारपाजारचे. ज्याच्या त्याच्या हातात सफरचंदांची पिशवी. विनोदला पेजेचा घोट जेमतेम उतरत होता, तो सफरचंद कुठलं खाणार? लोकांनी मायेनं आणलेलं टाकवतही नाही. फ्रीज एवढासा. चांगुणानं ती सगळी खालच्या खणात, कंदांच्या पिशवीला खेटून कोंबली.

जानेवारीत तिनं कंद लावले. थोडे ओट्याखालच्या वाफ्यात, थोडे दारापुढच्या कुंड्यांत. विनोद खाटेवरून सांगायचा आणि ती करायची. ऊन तापलं की कुंड्या घरात, सांज झाली की बाहेर. पानं आली तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली. शेजारणींनी ती तोंडात टाकली आणि एकमेकींकडं बघितलं.

कळ्या आल्या, पण पानांच्या आतच वाळून कागद झाल्या. वाफ्यातल्या, कुंड्यांतल्या, झाडून सगळ्या.

"लोडशेडिंगनं घात केला, आई. फ्रीज बंद पडायचा ना," विनोद म्हणाला. चांगुणानं वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. तरी पाणी घालणं सोडलं नाही. एखादी कळी मागून येईल, या आशेवर ती तग धरून होती.

दोन दिवसांनी विनोदबरोबर काम करणारा जालिंदर भेटायला आला. कुंडीशी वाकून त्यानं एक कळी उकलली.

"काकू, फ्रीजमधी ह्यांच्याजवळ फळं व्हती का?"

"व्हती की. सफरचंदं."

"मग झालं! पिकल्या फळाचा वारा लागला की आतल्या आत फूल मरतंय. आमाला तर ह्या विन्यानंच शिकवलंय हे."

"जाल्या, गप की रं!" खाटेवरून विनोद ओरडला. ओरडला म्हणजे काय, नुसता श्वास फुटला.

जालिंदरच्या तोंडचं पाणी पळालं. चहाही न घेता तो निघून गेला. चांगुणा खाटेपाशी आली. आपल्याच हातानं आपण हे केलं, हे तिच्या काळजात रुतलं होतं.

"तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"लावायच्या आधीपास्नं. पिशवी काढलीस तवाच सफरचंदाचा वास आला."

"आन् तरी मला लावाया लावलंस? रोज कुंड्या आत-भाईर करायला लावल्यास?"

विनोदनं डोळे मिटून घेतले.

"त्या कुंड्यांच्या मागं असलीस की तू रडायची न्हाईस, आई."

चांगुणा तिथंच खाली बसली. इतके दिवस ती चुलीपुढं, मोरीत, पदराआड रडत आली होती. आज पहिल्यांदा ती त्याच्यादेखत रडली, आणि त्यानंही तिला उगी राहा म्हटलं नाही.