सख्ख्या बहिणींचे डोळे

दोघी बहिणींच्या डोळ्यांच्या पडद्याला एकाच वर्षी सूज आली. डॉक्टर तेच, डोळ्यात टोचायचं इंजेक्शनही तेच. थोड्याच महिन्यांत थोरलीला औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं दिसू लागली आणि भेटेल त्याला ती वाचून दाखवू लागली. धाकटीला मात्र सरळ रेघ अजून वाकडीच दिसे. ती शिंपीण. सरळ रेघेवर तिचं पोट होतं. मशीन बिघडलं असतं तर निदान दुरुस्तीला तरी टाकता आलं असतं.

घरात विद्वानांची वानवा नव्हतीच. भावजय म्हणाली, पथ्य पाळत नसेल. मेहुण्यांनी निदान केलं, ही विचार फार करते. मेहुण्यांवर तसा आरोप आजवर कुणी केला नव्हता. ताईने तर कमालच केली.

"सुई टोचताना तू अंग चोरतेस. मी बघ, हूं की चूं केलं नाही. औषधालाही माणसाची जिद्द कळते!"

धाकटीला रडू येई. पण रडूनच डोळे गेले असं ठरेल, म्हणून ती तेही गिळे.

शेवटी डॉक्टरांनी दोघींचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं.

"सख्ख्या असलात तरी आईवडिलांकडून दोघींना सगळं सारखं आलेलं नाही," ते धाकटीला म्हणाले. "औषध लागू न पडण्याचं कारण तेच असू शकतं. खात्री देत नाही, पण औषध बदलून बघू."

"म्हणजे माझा दोष नाही?"

"जनुकं काय तुम्ही निवडून आणलीत?"

ताईला हे कळल्यावर ती विजयी मुद्रेने म्हणाली, "मी म्हणतच होते, ही आमच्यातली नाहीच!"

नव्या औषधाने सूज हळूहळू ओसरली. एका दुपारी ताई नेहमीचा निळा कोट घालून आली आणि पाठमोरी उभी राहून खिडकी कशी पुसावी यावर भाषण देऊ लागली. धाकटीची नजर तिच्या पाठीवर गेली. मधली शिवण मानेपासून कंबरेपर्यंत नागमोडी गेली होती. कोट धाकटीनेच शिवला होता, ती पहिली इंजेक्शनं चालू असताना. ताई तो लग्नाकार्यात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे मिरवत होती.

जिला मुंगीएवढी अक्षरं दिसत होती, जिने जन्मात कुणाची चूक सोडली नव्हती, तिने या शिवणीबद्दल ब्रही काढला नव्हता. धाकटीने कात्री उचलली.

"ताई, कोट काढ. शिवण उसवून परत घालते."

"का? काय झालंय त्याला?" ताई काही वळली नाही. "चांगला तर आहे."