तोरागादा म्हणजे परत जाणे

मित्रांनो, मी कोरियन व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे. माझी शिवण उसवली आहे आणि माझ्या पानांवर शिलाई मशीनच्या तेलाचे डाग आहेत.

एका वेल्डरने कोरियात नोकरीसाठी लागणाऱ्या भाषेच्या परीक्षेसाठी मला विकत घेतले. पास होऊन तो तिकडे जहाजांच्या कारखान्यात गेला. मी त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहिले. ती कपडे शिवायची. पाचव्या महिन्यात तो उंचावरून पडला आणि बेशुद्ध झाला. तिथल्या नर्सला कोरियनशिवाय दुसरे काही येत नव्हते. तेव्हा ताईने मला उघडले.

"अगं आई, यांचंही क्रियापद आपल्यासारखं शेवटीच येतं!"

धातूला 'गो इस्सोयो' जोडले की चालू वर्तमानकाळ. पोगो इस्सोयो, पाहत आहे. ताईने दोन दिवसांत तो धडा घोटून पाठ केला.

रोज दुपारी ती फोन लावायची. नर्स म्हणायची, "चागो इस्सोयो." झोपला आहे. मग, "सुम श्विगो इस्सोयो."

"काय म्हणते गं?" आई विचारायची.

"श्वास घेतोय, आई. घेतोय."

त्या 'इस्सोयो'वर दोघी दिवस काढत होत्या.

बाविसाव्या दिवशी नर्स फार हळू बोलली. वाक्याच्या शेवटी 'इस्सोयो' आलेच नाही. "तोरागाश्योस्सोयो," ती म्हणाली. ताईने शब्द कागदावर उतरवला आणि माझी पाने चाळली. भूतकाळ. आदरार्थी रूप. मूळ धातू तोरागादा: परत जाणे.

"आई, परत पाठवलं गं त्याला! निघालासुद्धा! आणि आपल्या पोराला चक्क अहो-जाहो करतात!"

आईने त्याची गादी उन्हात टाकली. बऱ्याच दिवसांनी दोघी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर लावणाऱ्या एजंटचा फोन आला. "बॉडी यायला आठवडा लागेल, ताई."

"कसली बॉडी?" ताईने विचारले.

तिकडे माणूस गेला की आदराने 'परत गेले' म्हणतात. मला छापणाऱ्यांनी तो अर्थ दिला नव्हता. मला कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते.

महिन्याने ताईने त्या शब्दापुढे पेनाने दुसरा अर्थ लिहिला. मग ती मला वेल्डरांच्या कोरियन वर्गात देऊन आली.

मित्रांनो, माझी पाने दुमडली, फाटली तरी चालेल. तुम्ही तिकडे निघाल, तेव्हा मला घरी ठेवून जा. पण जाण्याआधी घरच्यांना ते पान उघडून दाखवा.