पाच बटणांचं घड्याळ आणि सात तासांची शर्यत

मित्रांनो, मी एक सहा वर्षांचं जुनं घड्याळ आहे, आणि धावणाऱ्यांच्या घड्याळांत सहा वर्षं म्हणजे म्हातारपणच. माझा पट्टा दोनदा बदललाय. काचेवर एक लांब ओरखडा आहे. करड्या पडद्यावर काळे आकडे, एवढंच माझं रूप. फोन आला तर मी सांगत नाही, गाणी वाजवत नाही, कुणाला फोटो दाखवत नाही. पण घाटकोपरच्या पंतनगरपासून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंतचा रस्ता मला विचारा. चढ कुठे, उतार कुठे आणि दम कुठे लागतो, ते मी झोपेतही सांगीन.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवलं, गरम पेटीत तापवलं, गदागदा हलवलं आणि मग आभाळातल्या उपग्रहांचं ऐकायला शिकवलं. तू आत्ता कुठे आहेस ते उपग्रह सांगतात, आणि त्यावरून माणूस किती धावला ते मी काढतो. माझ्या पाठीला हिरवे दिवे आहेत. ते कातडीला टेकले की मला नाडी कळते. आणि कडेला पाच बटणं. खरीखुरी, दाबली की टक् करणारी. त्यांचा मला भारी अभिमान आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

घाटकोपरच्या बाजारातल्या शिवदासशेठच्या दुकानात मात्र माझी काही किंमत नव्हती. वरच्या फळीवर रंगीत पडद्यांची घड्याळं दिवसभर चमकायची आणि मी खाली, चार्जरच्या वायरींशेजारी. येणारा प्रत्येक जण वर बघायचा. वर्षभर मी वायरींचं तोंड बघत काढलं. शिवदासशेठ माझ्यावरची धूळसुद्धा पुसायचे नाहीत.

मग एका शनिवारी सुगंधा आली. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, पायात धावायचे बूट आणि अंगात साधा सलवार कुडता. सोबत तिची लेक अपूर्वा होती.

"मला मोठी मॅरेथॉन धावायचीय. बेचाळीस किलोमीटरची," सुगंधा म्हणाली. "त्यासाठी घड्याळ दाखवा."

शिवदासशेठनी वरची फळी रिकामी केली. अपूर्वाचे डोळे चमकले. सुगंधानं मात्र प्यायला पाणी मागितलं, आणि पेला आल्यावर त्यात चारही बोटं बुडवली.

"ताई, हे काय करताय?" शिवदासशेठ चपापले.

"घाम असाच येतो मला. अशा बोटांनी तुमची घड्याळं चालतात का ते बघते."

एकेका रंगीत पडद्यावर तिनं ओलं बोट फिरवलं. एक हललंच नाही. दुसऱ्यानं भलतंच काही उघडलं. तिसरं आपणहून कुणाला तरी फोन लावायला निघालं. मला खालून हे सगळं दिसत होतं, आणि खरं सांगू, मला फार बरं वाटत होतं.

"बटणं असलेलं नाही का?" तिनं विचारलं.

शिवदासशेठनी नाइलाजानं मला वर काढलं. तिनं ओल्या बोटानं बटण दाबलं आणि मी टक् करून चालू झालो. मग ती मला घेऊन दुकानाबाहेर उन्हात गेली. उन्हात माझे आकडे उलट जास्त ठळक दिसतात. "बॅटरी किती चालते?" तिनं विचारलं. "धावताना वीस तास," शेठ म्हणाले. शेवटची परीक्षा तिनं तिच्या धंद्यातली घेतली. सुगंधा एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. तिनं मला मनगटावर बांधलं, दुसऱ्या हाताची दोन बोटं गळ्याला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर नाडी मोजली.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. मीही चौऱ्याहत्तरच दाखवत होतो.

"आई, किती बोअर दिसतंय ते," अपूर्वा कुरकुरली.

"मला कुठे त्याला लग्नात मिरवायचंय," सुगंधा म्हणाली. डाव्या हातात तिच्या पाटल्या होत्या, म्हणून मला उजव्या हाताचा मान मिळाला. त्या दिवशी मी फळीवरच्या मंडळींकडे वळूनही पाहिलं नाही.

एवढी पारख कशासाठी, ते मला घरी आल्यावर कळलं. आदल्या वर्षी सुगंधा हीच मॅरेथॉन धावली होती. हातात अपूर्वाचं रंगीत घड्याळ होतं. घामानं त्याचा पडदा उघडेना, आणि तिसाव्या किलोमीटरआधीच त्यानं मान टाकली. सुरुवातीला गर्दीबरोबर ती भलत्या वेगानं धावली होती, मग पाय जड झाले, आणि आपण किती मागे पडलोय याचा पत्ता तिला लागला नाही. या शर्यतीला सात तासांची मर्यादा असते. वाटेत ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोचलं नाही, तर आयोजक मागून येणाऱ्या बसमध्ये बसवतात. बत्तिसाव्या किलोमीटरला सुगंधाला दोन मिनिटं उशीर झाला. एका स्वयंसेवकानं हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, आता बसमध्ये बसा."

यावरही कडी केली ती तिच्या नवऱ्यानं, चंद्रप्रकाशनं. माणूस लाख मोलाचा, पण हौसेपुढे त्याला काही दिसत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर आणि तो, दोघांनी मिळून शर्यतीच्या आदल्याच दिवशी गेटवर बॅनर लावून टाकला होता. 'बेचाळीस किलोमीटर मॅरेथॉन पूर्ण केल्याबद्दल सौ. सुगंधा यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली पूर्ण कार्यकारिणीचे फोटो. सुगंधा बसमधून उतरून लंगडत घरी आली, तेव्हा तो वाऱ्यावर फडफडत होता. काढायचा कुणी, याचा संकोच वाटून तो आणखी पंधरा दिवस तसाच राहिला. येणारी जाणारी प्रत्येक बाई तिला म्हणायची, "भाग घेतलास ना, तेच खूप झालं गं." हे ऐकून तिला फार वाईट वाटायचं. बसपेक्षाही जास्त, असं ती चंद्रप्रकाशला म्हणाली होती.

"यंदा शेवटचं," तिनं घरात सांगितलं. "यंदाही बसमधून आले तर बूट कुणाला तरी देऊन टाकीन. परत धावणार नाही."

आता सांगा, अशा बाईच्या मनगटावर जबाबदारी केवढी! मी कामाला लागलो. आठवड्याचे चार दिवस, पहाटे साडेपाचला. पंतनगरातून निघून हायवेच्या सर्व्हिस रोडनं विक्रोळी, कांजूर, भांडुप. रविवारी थेट मुलुंड आणि परत. माझं काम तिला पळवण्याचं नव्हतं, आवरण्याचं होतं. एक किलोमीटर नऊ मिनिटं पन्नास सेकंदांत, त्याहून जोरात नाही, असं तिनं ठरवलं होतं. या वेगानं शर्यत सहा तास पंचावन्न मिनिटांत संपते, म्हणजे पाच मिनिटं हाताशी. ती जोरात निघाली की मी थरथरायचो. ती म्हणायची, "कळलं रे बाबा," आणि हळू व्हायची. दर किलोमीटरला मी एकदा थरथरायचो, आणि ती न चुकता माझ्याकडे बघायची. नऊ महिने हेच. माझ्याशिवाय तिचं पान हलेना, आणि मला ते अगदी आवडत होतं.

घरी आल्यावर ती मला साध्या पाण्यानं धुवायची, पट्ट्याखालचं घामाचं मीठ काढायची, कोरडं करायची आणि मगच आंघोळीला जायची. असं सुख सगळ्या घड्याळांच्या नशिबी नसतं.

शर्यतीचा दिवस उजाडला. या वेळी गेटवर बॅनर नव्हता. चंद्रप्रकाशला शपथ घातली होती.

गर्दी सुटली तशी सुगंधाही सुटली, आणि मी थरथरलो. तिनं पाय आवरले. शेकडो लोक तिला मागे टाकून गेले, ती आपल्या चालीत राहिली. दहा, वीस, तीस. बत्तिसाव्या किलोमीटरला गेल्या वर्षी हात जोडले होते तिथे यंदा टाळ्या मिळाल्या. मी आत फुगून गेलो होतो. सगळं माझ्या हिशोबानं चाललं होतं, आणि माझ्या हिशोबात पाच मिनिटं शिल्लक होती.

अडतिसाव्या किलोमीटरच्या फलकापाशी चंद्रप्रकाश कोकम सरबताची बाटली घेऊन उभा होता. पायात सँडल, डोक्याला रुमाल.

"अडतीस झाले गं, मस्त चाललीयस," तो म्हणाला.

"अडतीस कुठले, साडेअडतीस कधीच झाले," सुगंधानं सरबताचा घोट घेत मला दाखवलं. मी अडतीस पूर्णांक सहा दाखवत होतो.

"बोर्ड तर अडतीस म्हणतोय."

सुगंधानं मान वर केली. सकाळपासून तिनं एकाही फलकाकडे बघितलं नव्हतं. गरज काय, मी होतो ना. मुलुंडच्या रस्त्यावर फलकच नसतात, त्यामुळे माझी आणि फलकांची कधी गाठच पडली नव्हती. मित्रांनो, आता मला जे सांगायचंय ते सांगताना लाज वाटते. फलक बरोबर होता. शर्यतीचा रस्ता नीट मोजलेला असतो. सुगंधा मात्र हजारोंच्या गर्दीत डावीउजवीकडे वळत, पाण्याच्या टेबलापर्यंत जात येत धावली होती. शिवाय उंच इमारतींमध्ये मला उपग्रहांचं नीट ऐकू येत नाही, मग मी अंदाजानं अंतर वाढवून धरतो. थोडं थोडं करत मी सहाशे मीटर जास्त मोजले होते. ज्या पाच मिनिटांची मी शेखी मिरवत होतो ती नव्हतीच. आहे त्या वेगानं ती दोन मिनिटं उशिरा पोचणार होती. पुन्हा दोनच मिनिटं.

सुगंधाला हे कळायला वेळ लागला नाही. सवा चार किलोमीटर उरले होते आणि चाळीस मिनिटं. डोक्यावर ऊन आलं होतं.

"काय झालं गं?" चंद्रप्रकाशनं विचारलं.

"घड्याळानं अंतर जास्त मोजलंय," ती म्हणाली. तिनं मला मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलं, पडदा खाली करून. "आता तू गप्प बस," ती मला म्हणाली, आणि पळाली.

चंद्रप्रकाश सँडलसकट फूटपाथवरून बरोबर धावला. एका सिग्नलपर्यंत टिकला बिचारा, मग कठड्याला धरून उभा राहिला. मला आता काही दिसत नव्हतं. फक्त नाडी कळत होती. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे छप्पन्न, एकशे त्रेसष्ट. किलोमीटर पूर्ण झाला की मी सवयीनं थरथरत होतो, पण तिनं मला उलटवून बघितलं नाही. पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय धावत होती. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण तिची चाल सुधारत चाललेली मला आतून कळत होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, बघू नकोस माझ्याकडे, अशीच जा. भोंग्यावर कुणीतरी ओरडलं, "शेवटची दोन मिनिटं." नाडी एकशे एकाहत्तर झाली. मग ती थांबली. ती रस्त्यावर मांडी घालून बसली आणि रडायला लागली, आणि माझ्या काचेवर दोन थेंब पडले ते घामाचे नव्हते.

शेवटची रेषा तिनं नेमकी कधी ओलांडली, ते मला माहीत नाही. चंद्रप्रकाशच्या फोनवर आयोजकांचा मेसेज आला, तेव्हा मी ऐकलं. सहा तास, एकोणसाठ मिनिटं, वीस सेकंद.

हल्ली सोसायटीतल्या बायका तिला विचारायला येतात, "सुगंधा, धावायला कुठलं घड्याळ घेऊ गं?" ती सांगते, "बटणं असलेलं घे, बॅटरी तगडी बघून घे, उन्हात दिसतंय का बघ. आणि घेतल्यावर सारखी त्याच्याकडे बघत बसू नकोस." पहिल्या तीन गोष्टी ऐकून माझी कॉलर ताठ होते. चौथी ऐकून मी मान खाली घालतो, पण ती खरी आहे. मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या मनगटावर असेल तर त्याचं मीठ पुसत जा, पट्टा धूत जा, रंगीत नाही म्हणून त्याला खालच्या फळीवर टाकू नका. आम्ही चुकतो, पण मनापासून काम करतो. आमचं ऐका, पण आपल्या पायांचं आणि आपल्या श्वासाचं आमच्याहून जास्त ऐका.

त्या दिवसाची एक गोष्ट राहिली. धाव संपली की माझं बटण दाबून मला थांबवायचं असतं. सुगंधा विसरली. मी टॅक्सीतही मोजत राहिलो, दादर, शीव, चेंबूर करत थेट पंतनगरपर्यंत. सुगंधा बादलीभर गरम पाण्यात पाय सोडून बसली होती, तेव्हा अपूर्वानं मला हातात घेतलं.

"आई, हे अजून चालूच आहे अगं. चौसष्ट किलोमीटर, नऊ तास बावन्न मिनिटं." तिनं मला थांबवलं. "पुसून टाकते, सगळंच चुकलंय."

"राहू दे," सुगंधा म्हणाली. "आज मला कुणी थांबवलं नाही, एवढं तरी त्यात बरोबर आहे."

माझ्या पोटात आज सातशेच्या वर धावा आहेत, मीटर मीटर मोजलेल्या. सगळ्यांत चुकीची नोंद तीच आहे, आणि मला सगळ्यांत जास्त अभिमान तिचाच आहे.