कमावता गुडघा

डॉक्टर आत आले तेव्हा मी लंगडत होतो.

हातात सुपाचा ट्रे, तोंडावर सोसल्याचं हसू, आणि उजवा पाय असा ओढत होतो की बघणाऱ्याचा हात आपोआप पाकिटाकडे जावा. आणि दारातून आले ते नेमके ज्यांनी आठ महिन्यांपूर्वी हाच गुडघा उघडून, आतली मोडतोड नीट करून, परत शिवून दिला ते डॉक्टर. धर्मादाय दवाखान्यात, फुकट. टाके काढल्यावर म्हणाले होते, "मामा, सरळ चालत राहा. तीच माझी फी."

मी ट्रेसकट खांबाआड झालो.

हे लंगडण्याचं प्रकरण आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मला लबाड समजाल. तो मी आहेच, पण किती ते नीट कळायला हवं.

बावीस वर्षं मी ह्या हॉटेलात टेबलं सांभाळतोय. पगार एवढा की एक तारखेला माझ्या हातातून तो थेट घरमालकाच्या हातात जातो, वाटेत दम खायलासुद्धा थांबत नाही. दूध, लाइट, धाकटीचं कॉलेज, सगळं टिपांवर. पगारवाढ मागितली की शेठ गल्ल्यावरून म्हणतो, "मामा, तुम्हाला वरची कमाई तरी आहे. मला कोण देतं टीप?" आणि इतकं रडवेलं तोंड करतो की एखाद्या दिवशी मीच त्याच्या हातावर काहीतरी ठेवीन.

सहा वर्षांपूर्वी गुडघा बिघडला, तो खराच. रात्रंदिवस ठणकायचा, पण टिपा वाढल्या. लंगड्या माणसाने आणलेलं जेवण लोकांच्या घशाखाली सुखाने उतरत नाही, उठताना काहीतरी ठेवावंच लागतं. मग ऑपरेशन झालं. मी ताठ चालायला लागलो, आणि लोक म्हणायला लागले, "वा मामा, ठणठणीत झालात की." एवढं म्हणायचं आणि सुटे पैसे परत खिशात. ठणठणीत माणसाला काय द्यायचं?

दोन महिने बायकोने कसेबसे काढले. मग एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, ह्या घरात कमावते दोन होते. एक तुम्ही आणि एक तुमचा गुडघा. त्याला कशाला घरी बसवलंत?"

मी म्हटलं, "बाई गं, तो बरा झालाय."

"तुम्हाला झालाय. गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?"

तिनेच तालीम घेतली. आमच्या घरातल्या बोळातून मी ताट घेऊन यायचो, ती मोरीजवळ बसून चुका काढायची. "फार होतंय. एवढा लंगडणारा माणूस ताट आणत नाही, दवाखान्यात जातो." "तोंड वाकडं करू नका, पोट बिघडल्यासारखं वाटतं." आणि रोज निघताना दारातून, "पाय विसरू नका. उजवा."

तर असं सगळं बरं चाललं होतं, आणि डॉक्टर आले.

बरोबर त्यांचा मेव्हणा. तो मात्र खरा लंगडत होता. दोघे खिडकीशी बसले. समोरच्या कोपऱ्यात बाई बसलेल्या. बाई म्हणजे रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका. दर बुधवारी दुपारी एकट्या येतात, काठी खुर्चीला अडकवतात, सूप आणि ब्रेड मागवतात आणि बशीखाली घडी घालून इतकी टीप ठेवतात की माझा बुधवार म्हणजे बाकीच्यांचे तीन दिवस. दोन्ही टेबलं माझीच. मधे खांब.

मग काय करणार? खांबाच्या अलीकडे बाईंसाठी लंगडायचं, पलीकडे डॉक्टरांसाठी सरळ व्हायचं. पहिल्या फेरीला जमलं. दुसऱ्या फेरीला सरळ पाय थोडा लवकर झाला. तिसऱ्या फेरीला माझा जोडीदार लांब्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघायला लागला. त्याच्या हातातले ग्लास हसण्याने किणकिणत होते.

"मामा," तो पुटपुटला, "खांबावर एक पाटी लावू का? इथे पाय बदला."

"तू तुझं टेबल बघ."

"माझं टेबलही तुम्हालाच बघतंय."

तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली. मोठ्याने. त्यांचा आवाज असा की बेशुद्ध पेशंटही उठून बसावा. "मामा. इकडे या. हे माझे मेव्हणे. तीनदा तारीख दिली, तीनदा पळाले. म्हणतात, ऑपरेशनने कोण बरं झालंय ते दाखव. जरा चालून दाखवा ह्यांना. दारापर्यंत जा आणि या."

आख्खं हॉटेल बघायला लागलं. तीन नंबरचा विमेवाला, सात नंबरचे कापडवाले बापलेक, सगळी माझी जुनी गिऱ्हाइकं, सगळी माझ्या गुडघ्याची. कोपऱ्यात बाईंनी चमचा खाली ठेवला.

"डॉक्टर, सूप गार होईल," मी म्हटलं.

"होऊ दे."

"शेठ रागावतील."

"शेठला मी सांगतो."

मेव्हणा खुर्चीत मागे रेलला. "बघ," तो डॉक्टरांना म्हणाला, "टाळतोय. तुझाच पेशंट चालायला टाळतोय. मी नाही करून घेणार." आणि उठायला लागला. उठताना त्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं, ओठ आवळले, एक पाय जरा बाजूला टाकून वजन हळूच दुसऱ्यावर घेतलं. पाच वर्षं मी अस्साच उठायचो. ते काही बोळात शिकून येत नाही.

डॉक्टर नुसते माझ्या पायाकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "बसा साहेब."

चार भरलेले ग्लास ट्रेवर ठेवले, ट्रे एका पंज्यावर उचलला, आणि चालायला लागलो. सरळ. दारापर्यंत गेलो, वळलो, आलो. एक थेंब सांडला नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांनी चारचौघांत सरळ चालायला मिळालं होतं हो, अंगात आलं. वरच्या हॉलचा जिना समोर दिसला. सतरा पायऱ्या. दोन दोन करत ट्रेसकट वर गेलो आणि तसाच खाली आलो.

मेव्हणा खाली बसला. "सोमवारी जमेल?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा असा फुलला होता की बोलायची सोय नाही. जाताना मला मिठी मारली. "मामा, तुम्हाला बघूनच पोट भरलं," म्हणाले आणि एक पैसा न ठेवता गेले. विमेवाल्याने पाकिटातून काढलेली नोट परत नीट घडी करून ठेवली. कापडवाला बाप लेकाला म्हणाला, "चल." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

राहिल्या बाई. त्यांच्याकडे मी सरळच गेलो. आता खांबाचा काय उपयोग?

"सूप बदलून आणू, बाई?"

"राहू दे. उभा राहा इथे." मी उभा राहिलो, हात मागे बांधून. "मागच्या बुधवारी तू डाव्या पायाने लंगडत होतास," बाई म्हणाल्या.

मला बायको आठवली.

"त्याच्या आधीच्या बुधवारी आत जाताना उजवा, बाहेर येताना डावा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकतीस वर्षं शाळेत काढली मी. पोट दुखतंय म्हणून घरी जायला बघणारी रोज चार पोरं यायची माझ्याकडे."

"मग त्यांना काय करायचात?"

"आधी डबा उघडून बघायचे. बहुतेकांचा रिकामा असायचा." त्यांनी सुपात ब्रेड बुडवला. "मीठ आण. आणि पळत आण, आता जमतंय ना तुला."

बशीखाली नेहमीएवढीच घडी होती. मला वाटलं, चला, बुधवार तरी वाचला. पण शेठचं कुठे लक्ष नसतं? संध्याकाळी गल्ल्यावर बोलावून म्हणाला, "मामा, गुडघा झकास झालाय की. उद्यापासून वरचा हॉल तुमच्याकडे."

"आणि पगार?"

"वर गर्दी जास्त. टिपा जास्त."

वरच्या हॉलमध्ये ऑफिसवाल्यांचे बारा-बारा जणांचे घोळके बसतात. बिल वाटून घेतात आणि टीप शेजारच्याने ठेवली असेल अशी प्रत्येकाची खात्री असते. शेठला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे.

घरी सांगितलं. बायकोने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "खोकला जमेल का?"

"जेवण वाढणाऱ्याला खोकला? हॉटेल रिकामं होईल."

"मग हात थरथरू दे थोडा."

"ग्लास फुटले तर पगारातून जातात."

"तेही बघून ठेवलंय मेल्याने," ती म्हणाली आणि आम्ही दोघं हसायला लागलो. हसून झाल्यावर तिने दुधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर टाक म्हणून निरोप दिला.

पुढच्या बुधवारी मी वर होतो. टेबलं पुसून झाली होती, घोळके यायचे होते. खालून काठीचा आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

जिन्याच्या तोंडाशी आलो. बाई चौथ्या पायरीवर होत्या. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, अंग तिरकं करून एकेक पाय वर घेत होत्या. खालून लांब्या म्हणत होता, "बाई, तुमचं कोपऱ्यातलं टेबल रिकामं आहे की." बाईंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेठ गल्ल्यातली नाणी लावता लावता थांबला होता.

मी धावत खाली गेलो आणि दंड पुढे केला. बाईंनी तो धरला, दम घेतला, माझ्या पायांकडे बघितलं.

"आज कुठला?"

"आज तुमचा," मी म्हटलं.

राहिल्या तेरा पायऱ्या. बाईंच्या पावलाला पाऊल लावून चढायचं तर मलाही प्रत्येक पायरीवर एक पाय मागे ठेवावा लागत होता.